आत्याची तपासणी

“हे आपल्यातलं नाही,” आतून कुसुमआत्याचा आवाज आला, “पण झालंय छान.”

मी शाळेत शिकवून आले होते, दारात चपला काढत होते, तिथंच थांबले. स्वयंपाकघरात आत्या समोरच्या बिऱ्हाडातून आलेली वाटी हातात घेऊन उभी होती. वाटीत वांग्याची भाजी होती, म्हणजे मघाशी होती. आता तळाला तेल आणि एक देठ उरला होता.

“आक्का, सगळी खाल्लीत?” आईनं विचारलं.

“खाल्ली कुठं? तपासली,” आत्या म्हणाली, आणि मोरीत जाऊन खळखळून चूळ भरून आली.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. निलंग्याला सासर. नवरा गेल्यावर नांदेडला आमच्याकडे आली ती कायमची. वरची खोली तिची. त्या खोलीत एक लोखंडी कॉट, एक देव्हारा आणि भिंतीवर गेलेल्या नवऱ्याचा फोटो, बाकी काही नाही. पण आमच्या साऱ्या नात्यात तिला मान होता तो तिच्या जिभेमुळे. कुठलाही पदार्थ चाखून तो कुणाच्या हातचा, कुठल्या तालुक्याचा आणि मुख्य म्हणजे कुठल्या जातीचा, हे आत्या सांगत असे. “जीभ खोटं बोलत नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता सोवळ्या घरातली बाई कुणाच्याही घरचं खाणार कशी? त्यावर तिनं स्वतःच तोड काढली होती. खाणं वेगळं आणि तपासणी वेगळी. खाल्लं तर बाटलं, तपासलं तर माहिती मिळाली. शेवटी चूळ भरली की काम संपलं. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या रुबीनाआपा ईदला शीरखुर्मा पाठवायच्या. आत्या तो आधी आमच्या पातेल्यात ओतून घेई. “शेवया गव्हाच्या, दूध म्हशीचं, खारीक बाजारातली. ह्यात त्यांचं काय हाय? भांडं. ते दिलं परत.” मग तपासणी सुरू व्हायची आणि पातेलं घासायला पडेपर्यंत चालायची.

तिचे नियम पक्के होते. वरणात गूळ म्हणजे आपल्यातले. लसूण म्हणजे नाहीत. “आन् गूळ बी हाय, लसूण बी हाय, तर?” असं एकदा माझ्या वडिलांनी तिला चिडवायला विचारलं. आत्या शांतपणे म्हणाली, “तर मग लव्ह मॅरेज.”

एका लग्नात तिनं जिलेबीचा तुकडा मोडला आणि जाहीर केलं की आचारी उदगीरकडचा आहे, कानडी हात आहे. वडील मुद्दाम मागं जाऊन विचारून आले. आचारी राजस्थानचा निघाला. “आत्ता राजस्थानात असंल,” आत्या म्हणाली, “मूळ उदगीरच.”

हे सगळं ऐकून पाहुणे हसायचे. मीही हसायचे, पण तोंडातल्या तोंडात. मी मुळात कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकले, आता इंग्रजी शाळेतच शिकवते, आणि घरी मराठीत काही सांगायचं म्हटलं की वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. “इंग्लिश शाळेत घातली आन् मुकी होऊन आली,” असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

न बोलण्याचं दुसरंही कारण होतं. ते लातूरचं.

लातूरला माझ्या वडिलांचे चुलतभाऊ मुकुंदकाका राहतात. त्यांची मुलगी प्राचीताई इंजिनियरिंगला होती. तिनं वर्गातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा आपल्यातला नव्हता. त्या उन्हाळ्यात आम्ही तिथंच होतो. काकांनी घरातल्या सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, माणूस गेल्यावर करतात तशी. एकेक जण न्हाणीघरात जात होता आणि ओल्या डोक्यानं बाहेर येत होता. आई गेली, वडील गेले, आत्या गेली. मला काकूनं हाताला धरून नेलं. काका शेवटी बाहेर आले, टॉवेलानं कान कोरडे करत म्हणाले, “झालं.” मग काकूनं बेसिनवरचा एक गुलाबी टूथब्रश उचलला आणि कचऱ्यात टाकला. जेवायला आमरस होता. सगळे जेवले.

ताई तेव्हा पुण्यात होती, जिवंत होती, आणि अजूनही आहे. पण त्या घरात तिचं नाव निघत नाही.

त्यामुळे विशालचं नाव माझ्या मोबाईलमध्ये ‘सुनीता मॅडम’ असं आहे.

विशाल आमच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मूळचा हदगावचा. बौद्ध आहे. त्याची आई तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आमचं जुळून दोन वर्षं झाली, पण लोकांसमोर आम्ही बोलतो ते स्टाफरूममध्ये, तेही पोर्शन आणि पेपर याबद्दल. त्याचा फोन वाजला आणि मी घरी असले तर मोबाईल उशीखाली ढकलते. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की मी त्याच्यापासून चार हात लांब चालायला लागते. तो काही म्हणत नाही. एकदाच म्हणाला, “तू भिऊन राहिलीस ते माझ्यासाठी का माझ्यामुळं?”

त्या शनिवारी तो हदगावहून आला आणि सुटीच्या घंटेला माझ्या हातात एक डबा देऊन गेला. श्रीखंडाचा रिकामा झालेला प्लास्टिकचा डबा, त्यात धपाटे आणि भुरका, म्हणजे तेलात लसणावर परतलेलं लाल तिखट. “आईनं दिलंय. म्हणाली, स्टीलचा नको, उगं त्यांना परत द्यायची अडचण.”

मी तो डबा पिशवीत वह्यांच्या खाली दडवून घरी आणला. वरच्या मजल्यावर गच्चीत बसून खायचा असा बेत होता. दार उघडलं तर समोर मुकुंदकाका.

ते माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. मुलगा पुण्यात, मोठ्या कंपनीत, आपल्यातला. आई चहा टाकत होती, वडील मोबाईलवर मुलाचा फोटो मोठा करून बघत होते. मी पिशवी पाठीमागे धरून भिंतीला लागून आत निघाले. तेवढ्यात आत्या म्हणाली, “पिंके, पिशवीत काय गं?”

“वह्या.”

“वह्यांना लसणाचा वास येतो का?” काका हसून म्हणाले.

काकांनीच पिशवी घेतली. सहज, घरच्या माणसानं घ्यावी तशी. डबा टेबलावर आला, झाकण निघालं, आणि लसणाचा भपकारा साऱ्या खोलीत पसरला.

“कुणाकडचं गं हे?” आईनं विचारलं.

“शाळेत… एक मॅडम…” मी झाकण परत लावायला हात पुढे केला. पंख्याचा आवाज मला एकदम मोठा ऐकू यायला लागला.

“थांबा की,” काका खुर्ची ओढून बसले. “आक्का असताना मॅडमला कशाला विचारायचं? हं आक्का. होऊन जाऊ द्या तपासणी.”

आत्यानं धपाट्याचा तुकडा मोडला. त्यावर भुरका घेतला, चिमूटभर नाही, चांगला चमचाभर. लाल तेल तिच्या बोटावरून मनगटाकडे ओघळलं. घास तोंडात टाकून ती सावकाश चावायला लागली. डोळे मिटत असे ती नेहमी. त्या दिवशी तिनं डोळे उघडे ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

मला न्हाणीघर दिसत होतं. आमचं, लातूरचं नव्हे. बाहेर ओल्या डोक्यानं उभे असलेले आई आणि वडील दिसत होते.

“आपल्यातलंच हाय,” आत्या म्हणाली. “निलंग्याकडचा हात.”

“लसूण हाय की आक्का एवढा!”

“आजकाल आपल्यातले बी खायलेत. जीभ खोटं बोलत नाही, मुकुंदा.”

निकाल लागला म्हटल्यावर काकांनी मोकळ्या मनानं मोठा घास घेतला. पुढच्या क्षणी ते खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. “पाणी… अगं पाणी…” वडिलांनी हसत हसत जिभेवर जरासा भुरका ठेवला आणि त्यांनाही ठसका लागला. आई साखरेचा डबा घेऊन धावली. काका साखरेची फक्की मारत म्हणाले, “आपल्यातलीच बाई हाय ना? का दुश्मन हाय?”

सगळे हसत होते. मीही हसायला पाहिजे होतं. पण मी आत्याकडे बघत होते. चमचाभर भुरका खाऊन ती तशीच बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नाकाला ओल नव्हती, पाण्याच्या तांब्याकडे तिनं पाहिलंही नव्हतं. चूळ भरायलाही ती उठली नाही.

चहा झाल्यावर मी कपबशा घेऊन आत गेले. आत्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं बोट मिठात बुडवून चाटलं. मग साखरेत बुडवून चाटलं. मग परत मिठात. मी आलेली कळली तेव्हा तिनं हात पदराला पुसला.

“लई तिखट होतं का गं?” तिनं हळूच विचारलं.

“आत्या, तुला काहीच लागलं नाही?”

तिनं दाराकडे बघितलं. बैठकीत काका आणि वडील मुलाच्या पगाराबद्दल बोलत होते.

“मागं तो मोठा ताप आला होता ना, त्यातून उठले तवापासून,” ती म्हणाली. “मीठ नाही, साखर नाही. वास नाही. घास नुसता तोंडात फिरतो. एखाद्या घासाला तरी कळंल म्हणून खात राहते.”

“मग बाबांना सांग ना. डॉक्टरकडे जाऊ.”

“आन् पाहुणे आल्यावर मला खाली कशाला बोलावतील? वर एक म्हातारी हाय, तिला ताट नेऊन द्या म्हणतील. तू सांगू नको कुणाला. तुझं काय, तू तशीबी बोलत नाहीस.”

मी कपबशा विसळायला घेतल्या. शेवटी विचारलं, “मग आपल्यातलं म्हणून कसं सांगितलंस?”

आत्यानं मिठाच्या बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाली, “तुझ्या तोंडाकडं बघितलं. प्राचीचं तोंड असंच झालतं. तिच्या पिशवीतबी एक डबा सापडला होता, आन् तो मीच तपासला होता. तवा माझ्या जिभेला सगळं कळायचं. ‘आपल्यातलं नाही’ असं पटकन बोलून गेले. चौघांत शाबासकी मिळाली.” तिनं नळ सोडला आणि परत बंद केला. “तिच्या नावानं डोक्यावर घेतलेलं पाणी मला अजून गार लागतं.”

श्रीखंडाचा डबा तिनं घासून, पुसून उपडा ठेवला होता. आता तो सरळ करून ती त्यात रव्याचे लाडू भरायला लागली. एक लाडू मोडून तिनं माझ्यापुढे धरला.

“गोड बरोबर झालंय का बघ. मला अंदाजच लागंना. परक्याच्या घरी अगोड जायला नको.”

मी चाखला. साखर जरा जास्त होती. चांगला झालाय असं मी मानेनं सांगितलं.

“मानेनं नको सांगू,” आत्या म्हणाली. “कुणाच्या घरी द्यायचाय हा डबा? हळू सांग. मुकुंदा बाहेर बसलाय.”

मला माहीत होतं की काका बाहेर बसलेत. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतून काकांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे आईचा चेहरा. मी ओट्याची कड धरली. वाक्य मनात जुळायची वाट बघितली असती तर ते कधीच जुळलं नसतं.

“हदगावला,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बैठकीतलं बोलणं थांबलं. “विशाल वाघमारेच्या आईला द्यायचाय, आत्या. आणि मी स्वतः नेऊन देणार आहे, कारण मला त्याच घरी जायचंय.”