पर्यंत म्हणजे पर्यंत!

धुरी सरांच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे अख्ख्या मीरा रोडला माहीत होतं. माहीत असणारच! स्वतः धुरी सरांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. घरी लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्वदीर्घ तपासायचे आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघायचे. सोसायटीच्या गणपतीत कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की हे टाळ थांबवून दुरुस्ती करणार. देव तोपर्यंत थांबायचा बिचारा. बायको अनसूयाबाई म्हणायच्या, "बोहल्यावर उभे होते तेव्हासुद्धा भटजींना दोनदा टोकलंय ह्यांनी!"

तर असे हे शशिकांत धुरी २००७ साली मीरा रोडला एका फरसाणवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या कंपनीत 'रिव्ह्यू' करायचे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा आणि चुका काढायच्या. त्यासाठी पगार देतात हे कळल्यावर अनसूयाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. "आणि मी इतकी वर्षं फुकट ऐकतेय!"

कंपनी अल्पेशभाईंची. माणूस दिलदार, पण आवाज असा की खाली फाफडा तळणारा वर बघायचा. त्यांना हॉलंडचं एक काम मिळालं होतं. तिकडची कंपनी बँकांसाठी टोकन दाखवणारी मशिनं बनवायची. आता प्रत्येक वेळी खरं मशीन कोण पाठवणार? म्हणून ह्यांनी कॉम्प्युटरच्या पोटात त्या मशीनचा एक खोटा अवतार बनवायचा. आत सगळं खऱ्यासारखं चाललं पाहिजे, फक्त मशीन नाही!

ह्या खोट्या मशीनच्या प्रत्येक भागाला मेमरीत आपापली जागा आखून द्यावी लागते, बिल्डिंगमध्ये फ्लॅट देतात तशी. समजा, टोकनच्या बोर्डाला चौथा मजला दिला आणि नेटवर्क कार्डाला पाचवा. चौथ्यावर जे अक्षर ठेवाल ते बोर्डावर उमटणार. ऑफिसच्या तारांमधून जे काही धावेल ते पाचव्यावर येऊन पडणार. एकाने दुसऱ्याच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही, एवढंच पथ्य.

ह्या आखणीचा कोड लिहिला होता मृणालिनीने. भाईंदरजवळच्या मुर्धा गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली. घराण्यात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिलीच. धुरी सरांनीच तिला घेतलं, शिकवलं, आणि खरं सांगायचं तर पोटच्या पोरीसारखा जीव लावला. अर्थात हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. ते फक्त चुका सांगायचे. हे काम नीट पार पडलं की ती टीम लीड होणार, असं अल्पेशभाईंनी कबूल केलं होतं, आणि तिने घरी सांगूनही टाकलं होतं.

आराखडा स्वतः धुरी सरांचा. त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'बोर्डाची जागा पाचव्या मजल्यापर्यंत.' मृणालिनीने कोडात नुसतं 'पाचाहून कमी'चं चिन्ह टाकून पाचवा सुरू व्हायच्या आधी बोर्डाला थांबवलं. धुरी सर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि चष्मा वर सरकवला.

"हे काय? इथे बरोबरचं चिन्ह कुठाय?"

"सर, ते टाकलं तर पाचवा मजलापण बोर्डाकडे जाईल ना."

"मग जाऊ दे की! आराखड्यात काय लिहिलंय? पर्यंत! पाचव्यापर्यंत म्हणजे पाचवा धरून!"

"पण सर, दारापर्यंत जा म्हटलं तर कोणी दारात घुसत नाही ना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झालं! धुरी सरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"भाईंदरपर्यंतचं तिकीट काढलंस तर कंडक्टर भाईंदरला उतरू देतो, की अलीकडेच ढकलतो? पर्यंत म्हणजे पर्यंत! मराठी माझ्याकडून शीक जरा!"

मृणालिनीने बरोबरचं चिन्ह टाकलं. धुरी सरांनी पसंतीची खूण केली आणि खाली जाऊन गरम जिलेबी खाऊन आले.

सोमवारी हॉलंडहून डी योंग साहेब आले. उंच, हसतमुख, आणि डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही! टेबलावर खोटं मशीन सुरू झालं. 'टोकन सत्तावीस, काउंटर तीन.' वा! 'टोकन अठ्ठावीस, काउंटर एक.' वा वा! साहेब मान डोलावत होते. धुरी सरांना आनंद आवरेना. समोर बसलेल्या अल्पेशभाईंच्या लॅपटॉपवर त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून हळूच एक मेसेज धाडला.

आता मेसेज म्हणजे काय, तारेतून धावणारी अक्षरंच! ती पाचव्या मजल्यावर पोचली. आणि पाचवा मजला आता कुणाचा? बोर्डाचा! 'टोकन एकोणतीस'च्या खाली, ठळक इंग्रजी लिपीत, अस्सल मराठी उमटलं :

'टकल्या खूश दिसतोय.'

धुरी सरांना वाटलं, आपल्याला भास झाला. खात्री करावी म्हणून त्यांनी घाईघाईने अल्पेशभाईंना दुसरा मेसेज टाकला, 'ते बोर्डावर आलं काय?' तोही बोर्डावर आला!

"व्हॉट इज धिस?" साहेबांनी विचारलं.

अल्पेशभाई पिढीजात व्यापारी. डोळ्याची पापणी न लवता म्हणाले, "सर, धिस इज मराठी! वेलकम मेसेज! स्पेशली फॉर यू!"

साहेब गहिवरले हो! आपल्या कॅमेऱ्याने बोर्डाचा फोटो काढला. दोनतीनदा म्हणून पाठ केलं. निघताना दारात उभे राहून, हात जोडून, प्रत्येकाला म्हणाले, "टकल्या खूश दिसतोय!" करणार काय? सगळ्यांनी हात जोडून उलट तेच म्हटलं. खाली फरसाणवाल्यालाही साहेब तेच म्हणाले. त्याच्याही डोक्यावर केस नव्हते, तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

निभावलं असं वाटलं. पण दोन दिवसांनी मेल आली. साहेबांनी तो फोटो मोठ्या कौतुकाने शेजारणीला दाखवला होता. आणि शेजारीण निघाली सांगलीची! हॉलंडमध्ये एवढी घरं, पण सांगलीच्या बाईंना नेमकं तिथेच राहायचं होतं! साहेबांनी मोजक्या शब्दांत लिहिलं होतं की काम तूर्त थांबवावं.

अल्पेशभाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"शशिभाई, मेसेज तुमचा, ते ठीक. मी पण हसलो. पण बोर्ड पे आया कैसे? हा कोड कोणाचा?"

"माझा, सर," मृणालिनी म्हणाली, आणि तिने धुरी सरांकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

आता बोलायचं होतं धुरी सरांनी. 'मी सांगितलं म्हणून तिने केलं.' इतकंच! पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्याच चुका सांगितल्या, त्याला स्वतःची सांगताना शब्द कुठून सापडणार? ते वर पंख्याकडे बघत राहिले, जसं काही पंख्याचाच रिव्ह्यू चाललाय. मृणालिनीचं टीम लीड होणं तिथल्या तिथे रद्द झालं.

घरी धुरी सरांनी त्या रात्री आमटीला नावसुद्धा ठेवलं नाही. शेवटी अनसूयाबाईंना सगळं सांगितलं.

"अहो, मग जाऊन सांगून टाका ना अल्पेशभाईंना! पोरीची माफी मागा!"

"मागतो गं. योग्य वेळ बघतोय."

"आमटीत मीठ कमी पडलं तर बरी पहिल्या घासाला योग्य वेळ सापडते!"

धुरी सरांनी माफीऐवजी नियम काढला. असे लोक असतात. त्यांना 'चुकलो' म्हणता येत नाही, पण परिपत्रक काढता येतं! ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'ह्यापुढे ह्या ऑफिसात पर्यंत म्हणजे शेवटचा सोडून! हुकमावरून.' त्यांना वाटलं, मृणालिनीला कळेल. तिने वाचलं आणि कामाला लागली.

बाकीच्यांनी मात्र नियम डोक्यावर घेतला! ऑफिस सात वाजेपर्यंत, म्हणून पोरं सहालाच बॅगा उचलायला लागली. सातचा ठोका धरायचा नाही ना! "शनिवारपर्यंत देतो" म्हणणाऱ्याला सगळे शुक्रवारीच धरायचे. अल्पेशभाई वैतागले. "शशिभाई, आ शुं छे? शनिवार कुठे गेला माझा?" पण लिहिलंय म्हटल्यावर लिहिलंय. हळूहळू ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. एकाच माणसाच्या पडलं नाही, ज्याने लिहिलं होतं त्याच्या.

आणि एका सोमवारी मृणालिनीने राजीनामा दिला. बंगलोरला नोकरी लागली होती.

"कधी जाणार?" धुरी सरांनी विचारलं.

"शुक्रवारपर्यंत आहे, सर."

ती जरा थांबली. काहीतरी ऐकायला थांबली असावी. धुरी सर म्हणाले, "बरं, बरं. ते कागद नीट लावून ठेव."

पण मनात त्यांनी पक्कं ठरवलं. शुक्रवारी! पेढे आणायचे, सगळ्यांसमोर उभं राहायचं, अल्पेशभाईंना सांगायचं, चूक माझी, ही पोरगी पहिल्यापासून बरोबर होती. मंगळवारी तालीम केली. बुधवारी केली. गुरुवारी सकाळी भाषण अजून जमेना म्हणून त्यांनी ऑफिसला चक्क दांडी मारली. शुक्रवार आहेच की!

शुक्रवारी पेढ्यांचा बॉक्स काखेत मारून, नवा शर्ट घालून धुरी सर ऑफिसात आले. मृणालिनीची खुर्ची रिकामी. टेबल पुसून लख्ख. कागद एकावर एक नीट लावलेले.

"कुठे गेली? अजून आली नाही?"

अल्पेशभाईंनी बोटाने फळा दाखवला.

"ती तो काल गेली! शुक्रवारपर्यंत होती ना? तुमचाच नियम, शशिभाई."

धुरी सर तिच्याच खुर्चीत बसले.

"काल काही बोलली?"

"काही नाय. दरवाजाकडे बघत बसली होती. सात वाजून गेले, मग आठ पण वाजले. मी बोललो, बेटा, तुझं पर्यंत संपलं, जा आता. तेव्हा उठली."

धुरी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी तालीम केलेलं भाषण, पण तोंडातून जे निघालं ते तालमीतलं नव्हतं. "अल्पेशभाई, ती चूक माझी होती. तिने बरोबर लिहिलं होतं. मी बदलायला लावलं." अल्पेशभाई ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मला नका सांगू. तिला सांगा. जा!"

फोन लावला तर बंद. धुरी सर तसेच निघाले. भाईंदर स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडली, बॉक्स मांडीवर. मुर्ध्याला उतरून विचारत विचारत घर गाठलं. अंगणात तिचे वडील धर्मा टेम्पो धूत होते.

"मृणालिनी आहे का?"

"बाय न्हाय हिते. सकालीच गेली बंगलोरला इमानान." त्यांनी पाइप बाजूला टाकला. "तुमी धुरी सायेब काय? बाय रोज तुमचाच नाव घ्यायची. सायेबांनी शिकवला म्हनून मी हाय, बोलायची."

हे ऐकून धुरी सरांना ओरडा बसला असता तरी चाललं असतं असं वाटलं. मग दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मजले, बोर्ड, बरोबरचं चिन्ह, टकल्या, पंखा, सगळं! धर्मांनी हात पुसत पुसत मन लावून ऐकलं.

"म्हंजे तुमी येक मजला जास्ती बांधला?"

"तसंच... म्हणजे तसंच काहीतरी."

"मंग त्यात कसली आली चूक?" धर्मांनी हातानेच चहूबाजूंच्या बिल्डिंगा दाखवल्या. "आपल्या भाईंदरान सगलेच बांधतान!"

धुरी सरांना हसावं की रडावं कळेना. एवढ्या दिवसांनी माफी मागितली, आणि मिळाली तीही भलत्याच गुन्ह्याची!

"तिला एक निरोप सांगाल? म्हणावं, दारापर्यंत म्हणजे दारात घुसायचं नसतं, हे सरांना पटलं."

धर्मांनी तो निरोप एकदा पुटपुटून पाठ केला. मग पाहुण्यांकडे नवलाने पाहिलं.

"सांगतंय. पन सायेब, तुमी दारान कनाला हुबं? आत या ना!"

धुरी सरांनी चपला काढल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून काखेत हात घातला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पेढे रिक्षातच राहिले होते.