सॅक्सोफोन आणि पुढचा दात

रविवारी सकाळी साडेदहा वाजता शिवपुत्र हत्तुरे यांच्या पुढच्या दाताची कॅप निघाली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला त्यांना सॅक्सोफोन वाजवायचा होता.

कॅप गेली कडक भाकरीत. ती निघाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. चूळ भरताना जीभ पुढं गेली आणि जिथं दात असायला हवा तिथं नुसता खुंट लागला.

"दह्यात भिजवून देऊ का म्हनलं, तर न्हाय म्हनला," त्यांची बायको गौरम्मा म्हणाली.

"ताट कुटं हाय?" शिवपुत्रांनी विचारलं.

ताट रिकामं होतं. त्यातले भाकरीचे तुकडे गौरम्मानं नेहमीप्रमाणे शेजारच्या बजाबाईंच्या शेळीपुढं टाकले होते, आणि शेळी शेवटचा तुकडा चावत होती.

शिवपुत्र सव्वीस वर्षं बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत होते. लग्नाच्या सीझनमध्ये चालता चालता, घामाघूम होऊन, फटाक्यांच्या वरताण. रोज पहाटे मात्र घरात बसून राग वाजवायचे. सोलापुरातल्या एका जुन्या गवयांकडं ते चौदा वर्षं शिकले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मुंबईहून अल्टो सॅक्सोफोन आणला, नावाजलेल्या कलावंतांच्या हातात असतो तसला. येताना रेल्वेत तो मांडीवर ठेवून ते रात्रभर जागे बसले होते. बँडमधला जुना सॅक्सोफोन जोरात फुंकला की मुकाट वाजायचा. या नव्याला सगळं कळत होतं. श्वास जरा हलला तरी तो सांगून टाकायचा.

आणि आज पहिल्यांदाच त्यांना बसून वाजवायचं होतं. सात रस्त्याजवळच्या छोट्या सभागृहात, संगीत मंडळाच्या बैठकीत. मंडळाचे सचिव चनबसप्पा निवृत्त मुख्याध्यापक होते. बँडवाल्याला बोलवायला त्यांचा विरोध होता. बाकीच्यांनी फार आग्रह धरला म्हणून ते "एकदा बघू" एवढंच म्हणाले होते. आज घोटाळा झाला तर पुन्हा कुठल्याही बँडवाल्याला त्या गादीवर बसायला मिळणार नाही, हे शिवपुत्रांना पक्कं माहीत होतं.

"अप्पा, चला, डॉक्टरकडं जाऊ," मुलगी सिद्धेश्वरी स्कूटरची किल्ली घेऊन म्हणाली.

पण दारात बजाबाई उभ्या होत्या. "दात काय सोन्याचा होता का लोखंडाचा?"

"कसला का असंना, मावशी."

"असंना कसा? शेळीच्या पोटात टोचला तर? आदी जनावराच्या डॉक्टरला बोलवा."

"आधी अप्पांचा दात बघू दे की."

"तुज्या अप्पाला बाकीचे दात हायत. मला शेळी एकच हाय."

शेवटी गौरम्मानं शेळीजवळ बसून राहायचं कबूल केलं. शेळी मात्र मजेत होती आणि आणखी भाकरी मागत होती.

दातांच्या डॉक्टर रेश्मा सिद्धेश्वरीची मैत्रीण. रविवारी दवाखाना बंद. त्या भाचीच्या बारशाला निघालेल्या, अंगावर जरीची साडी. तरीही त्यांनी दवाखाना उघडला आणि अर्ध्या तासात तात्पुरती कॅप करून बसवली.

"चार दिवसांनी कायमची बसवू. तोवर यानं चावू नका, यावर दाब देऊ नका. संध्याकाळी काही विशेष आहे का?"

"सॅक्सोफोन वाजवायचाय," शिवपुत्र म्हणाले.

"मग काय, वाजवा की."

"त्याचा माउथपीस वरच्या दातांनी दाबून धरावा लागतो."

डॉक्टरांनी विचारलं, "आणलाय का?"

आणला होता. सकाळपासून त्यांनी तो खांद्यावरून उतरवलाच नव्हता. त्यांनी पेटी उघडली, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, माउथपीस दातात धरला आणि एक सूर लावला. सूर लागला. दुसरा लावताना ओठाशी काहीतरी निसटलं, आणि सॅक्सोफोनच्या वर उघड्या कर्ण्यात टण्, टण्, टण् असा आवाज खाली खाली जात थांबला.

शिवपुत्र वाजवायचं सोडून कर्ण्यात डोकावले.

"घाबरू नका, दात परत बसवता येईल," डॉक्टर म्हणाल्या.

"दाताचं मरू दे. आत चाव्यांखालच्या पॅडला लागलं असंल तर?"

डॉक्टरांनी चिमटा उचलला. शिवपुत्र सॅक्सोफोन छातीशी धरून दोन पावलं मागं सरले. शेवटी तो हळूच उलटा करायचं ठरलं. बाप-लेकीनं दोन्हीकडून धरला आणि डॉक्टरांनी कर्ण्याखाली जरीचा पदर पसरला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला कॅप पदरात पडली. शिवपुत्रांनी एकेक चावी दाबून पाहिली, सगळ्या नीट बसत होत्या. मगच ते खुर्चीत टेकले.

"मी पुन्हा बसवते, पण ही पुन्हा निघणार," डॉक्टर म्हणाल्या. "एक करा. कवळी काढलेली माणसं धरतात तसा वरचा ओठ दातांवर ओढून घ्या. त्या ओठावर धरा."

त्यांनी धरून पाहिलं. ओठ दुखला आणि सूर अगदी बारीक आला. जोर लावला की ओठ सुटायचा.

"एवढ्याशा आवाजाला कोन बैठक म्हनंल?" ते पुटपुटले. पण दुसरा इलाजही नव्हता.

पाच वाजता गौरम्माचा फोन आला. शेळीनं दोन पेंढ्या कडबा खाल्ला होता आणि बजाबाई गौरम्माशी गप्पा मारत बसल्या होत्या. कॅप पोटात गेली होती की दुपारी झाडलोटीत, ते कुणालाच कळलं नाही. "इरली," गौरम्मा कानडीत म्हणाली. असू दे आता, या अर्थानं.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. चनबसप्पांनी शिवपुत्रांना बाजूला घेतलं. "सभागृह लहान आहे. जरा बेतानं."

शिवपुत्रांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची त्यांना भीती वाटत होती.

त्यांनी पूरिया धनाश्री राग सुरू केला. ओठ ओढलेला, श्वास धरलेला. आवाज इतका हलका होता की तबल्यावरच्या सयाजीनं चमकून पाहिलं आणि बोटं अलगद टाकायला सुरुवात केली. मागच्या रांगेतल्या एकानं उठून पंखा बंद केला. जोर लावायची सोय नव्हती, म्हणून शिवपुत्र एकेका सुरावर थांबत राहिले. आणि मग एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सैल ओठातून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड अशी वळत होती, जशी चौदा वर्षांत गुरुजींनी गाऊन दाखवली होती आणि त्यांना कधीच साधली नव्हती. अर्ध्या तासात ते दाताला विसरले. शेवटचा सूर संपला आणि टाळ्या आल्या.

चनबसप्पा पुढं आले. त्यांचे डोळे ओले होते. "मी चुकलो होतो, शिवपुत्र. एवढा संयम कुठून आणलात?"

शिवपुत्रांचा ओठ सुजला होता. त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आणि वर ही नम्रता," चनबसप्पा शेजारच्यांना म्हणाले.

घरी परतताना स्कूटरवर मागं बसून शिवपुत्र एकटेच हसत होते. सिग्नलला सिद्धेश्वरीनं विचारलं, "काय झालं, अप्पा?" त्यांनी सुजलेल्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटत होतं.

चार दिवसांनी ते कायमची कॅप बसवायला गेले. डॉक्टर रेश्मा म्हणाल्या, "आता अशी घट्ट बसवते की काय वाट्टेल ते वाजवा."

शिवपुत्र खुर्चीत आडवे झाले होते. त्यांनी डॉक्टरांचा हात हलकेच बाजूला केला.

"म्याडम," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय तितं. ही जरा सैलच ऱ्हाऊ द्या की."