पाटोळेकाकांची सहाची गाडी

गुरुवारी दुपारी मी चहा गाळायला घेतला आणि बेल वाजली, की दारात पाटोळेकाका उभे आहेत हे बघायलाही जावं लागत नाही. "वहिनी, खुर्ची सोडा. सहाची गाडी आहे."

'द्या' नाही, 'सोडा'. आणि कुठलीही चालत नाही. आमच्या लेकीच्या, श्रुतीच्या बारावीच्या वर्षी मी हाताशी होती ती प्लॅस्टिकची पुढे केली, तर हा माणूस हॉलभर नजर फिरवून म्हणतो, "ही नको. पोरीच्या टेबलापाशी असते ती." मागणाऱ्याने एवढं चोखंदळ असू नये असं माझं मत आहे, आणि मी मतं मनात ठेवत नाही. मी तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "नोंद घेतली," आणि पोरीची खुर्ची डोक्यावर घेऊन निघाले.

शांतवन पाटोळे आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. जन्म गेला पनवेलच्या एसटी स्टँडावर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. रिटायर झाले, पण खिडकी काही सुटली नाही. लिफ्ट बंद पडली की "ब्रेकडाऊन". मुलगा-सून दुबईला, तर "लांब पल्ल्याची, सणासुदीलाच येते". करुणाकाकू गेल्या तेव्हासुद्धा मला म्हणाले, "तिचं रिझर्व्हेशन आधीचं होतं."

तर दर गुरुवारी संध्याकाळी सहाला त्यांच्या घरी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमतात. त्याला ते संगती म्हणतात. दहा-बारा माणसं, एक पेटी, एक ढोलकी. पाळकसाहेब असतात, पण कारभार सगळा काकांचा. दाराशी स्टूल टाकून बसतात आणि तिथून पुकारा करतात. आमच्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येतो. "आधी गीत, मग वचन. साक्ष देणाऱ्यांनी धक्काबुक्की करू नये." साक्ष म्हणजे देवाचा आलेला अनुभव उठून सांगायचा. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे जाऊ द्या.

शिरढोणचे पीटरमामा मात्र एका टिंगला कधी थांबले नाहीत. त्यांची प्रार्थना कर्नाळ्याच्या पाखरांपासून निघते आणि पेणपर्यंत वाटेतल्या प्रत्येक आजाऱ्यापाशी, प्रत्येक परीक्षेपाशी उभी राहते. काका म्हणतात, "हात दाखवा, गाडी थांबवा."

मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या निखिलची ती फिरणारी, चाकांची खुर्ची त्यांनी कित्येक गुरुवार नेली. एकदा पाळकसाहेबांच्या मिसेस उशिरा आल्या आणि चुकून तिच्यावरच बसल्या. डोळे मिटलेले, पीटरमामा चालू, आणि फरशी आमच्या बिल्डरने घातलेली, म्हणजे उताराची. आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या होत्या. काका एवढंच म्हणाले, "न्यूट्रलला राहिली होती."

खुर्ची परत येते ती पुसून, आणि तिच्यावर झाकलेली बशी. कधी केक, कधी पोहे. त्यामुळे फार भांडताही येत नाही.

पण गेल्या वर्षी मी भांडले. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग कितीतरी दिवस बिछान्यात. आणि हे गृहस्थ दर गुरुवारी हजर: "आज ती खिडकीतली सोडा, वेताची." म्हणजे सासूबाईंचीच. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, त्या परत उठून तिच्यात बसतील की नाही याची आम्हाला धास्ती, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी?" काका खाली बघत म्हणाले, "रूट बदलता येत नाही, वहिनी." मी खुर्ची दिली, पण आपटून दिली.

सासूबाई उठल्या. काठी घेऊन चालायला लागल्या. तरी खुर्ची जातच राहिली.

आणि मग ठरलं की संगती उलव्याला हलवायची. निम्मी मंडळी तिकडे राहायला गेली होती. तिथे टॉवरखाली हॉल, एसी, दोन-दोन लिफ्ट. इकडे तिसरा मजला आणि कायमचं ब्रेकडाऊन. चूक कुणाचीच नव्हती. काका सगळ्यांना सांगत फिरले, "डेपो शिफ्ट झाला. बरं झालं, माझी उस्तवार वाचली." उलव्याहून अंधारात परत येणं त्यांच्या डोळ्यांना झेपणारं नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हा माणूस एका गुरुवारवर सगळा आठवडा काढतो, हे न सांगताही कळत होतं. शेवटच्या गुरुवारसाठी त्यांनी पडदे धुतले, पंखे पुसले.

त्या दिवशी मी शिरा घेऊन गेले. काका म्हणाले, "वहिनी, आतल्या खोलीतून तेवढी सतरंजी आणता?" आत गेले तर दारामागे घडीच्या खुर्च्यांची ही थप्पी. सगळी संगती बसून वर उरतील एवढ्या.

"काका, या कुणाच्या?"

"मंडळीच्याच."

"मग आमच्या कशाला नेत होतात?"

काकांना एकदम पडदा सरळ करायचं सुचलं. उत्तर दिलं रिबेकाताईंनी. त्या नर्स आहेत, संगतीत पहिल्यापासूनच्या. "अहो, ती बसायला नाही, मध्ये ठेवायला. बिल्डिंगमध्ये ज्याच्या घरी अडचण, त्याची खुर्ची काका मध्ये ठेवतात. आम्ही सगळे तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. मुलीची बारावी, निखिलची नोकरी गेली तेव्हा त्याची, मग तुमच्या सासूबाई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला कुठलं माहीत असायला. मी काकांना विचारलं, "सांगायचं नाही का?"

"पाटी लावली की चौकशी सुरू होते," काका पडद्यालाच सांगत होते. "न विचारता कुणासाठी प्रार्थना केली की लोक नाही नाही ते अर्थ काढतात. म्हटलं, विनापाटी सोडू."

मला रडू यायला लागलं. शिरा वाढायचा चमचा घरी राहिला म्हणून सांगून मी घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी चहा गाळला, तरी बेल वाजली नाही. बाहेर येऊन बघते तर सासूबाई पलंगावर, आणि वेताची खुर्ची पुसून दाराशी ठेवलेली. सासूबाई उरणकडच्या, कोळीवाड्यातल्या.

"शांतवन नाय आला?"

"संगती उलव्याला गेली ना, आई."

"तो गेला काय?"

"नाही. घरातच आहेत. आज दारसुद्धा उघडलं नाही."

"मंग बसलीस काय? जा, त्याची खुर्ची घेऊन ये."

मी समोरची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली.

"काका, खुर्ची सोडा. सहाची गाडी आहे. आज आमच्याकडून सुटते."

ते सदऱ्याची बटणं नीट लावायला लागले. मग म्हणाले, "कुठली पाहिजे?"

"तुम्ही बसता ती."

"खुर्ची नाही हो मला. स्टूल आहे."

"स्टूल चालेल. पण माणसासकट पाहिजे."

ते स्टूल त्यांनी स्वतःच उचलून आणलं. मी हॉलच्या मध्ये ठेवलं. आता पुढे काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. सासूबाई काठी टेकत आल्या, स्टुलावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी आणि श्रुतीनेही ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "देवा, ह्याला एकटा नको ठेवूस. आमी हाव, पन तू पन बघ." आणि डोळे उघडले.

काका रुमाल शोधत होते. म्हणाले, "एवढीच?"

"आमची विनाथांबा असते," मी म्हटलं आणि त्यांच्या हातात चहाचा पेला दिला.

चहा त्यांनी तसाच धरून ठेवला. मग बशीतला चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला. दोनदा.