लवंगतेलवाले दिगंबरकाका

नारायणगुड्यात पोळीला बुरशी आली की लोक ती फेकतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे दिगंबरकाका बुरशी मुद्दाम येऊ देतात. एका डब्यात नुसता पोळीचा तुकडा, दुसऱ्यात तसाच तुकडा आणि शेजारी कापसावर लवंगतेलाचे दोन थेंब. पहिला हिरवागार होतो, दुसरा तसाच राहतो. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की दाताच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

मी विषमुक्त शेतीचं काम करते, पत्रकं लिहिते. ताटात विष नको, हे मी झोपेतही बोलेन. त्यामुळे काका मला आयतेच सापडले. गच्चीवरच्या त्यांच्या पानवेलीवर काळे डाग पडले होते. कोठीच्या बाजारातून आणलेलं लवंगतेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते रिठ्याच्या पाण्यात घुसळून काका फवारत. डाग गेले का, विचारलं की म्हणत, "ठैर जरा, पाहावं लागतंय." एकदा तेल जास्त होऊन कोवळी पानं होरपळली, हेही त्यांनीच सांगितलं. ते मी छापलं नाही. 'रसायनाला हात न लावणारे आमचे काका' एवढंच छापलं आणि सुलतान बाजारात वाटून आले.

उरलेली पत्रकं द्यायला गच्चीवर गेले, तर काका टोमॅटोवर दुकानातलं बुरशीनाशक मारत होते. तोंडाला फडकं बांधून, निवांत.

माझं डोकंच फिरलं. तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे, असं तोंडावर विचारलं. वेलीला लवंग आणि टोमॅटोला विष, हा काय प्रकार?

"टोमॅटो मी फवारल्यावर दिवस मोजून तोडतो, धुतो, मग खातो," काका म्हणाले.

"आणि पान?"

तेवढ्यात काकू वर आल्या. त्यांना हल्ली काही आठवत नाही. मला रोज नव्यानं नाव विचारतात. त्या सरळ वेलीपाशी गेल्या, पान खुडलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं.

"धू म्हटलं तर विसरते," काका हळूच म्हणाले. "एकदा गच्चीला कुलूप घातलं, तर दाराशी बसून राहिली. हिला ही वेल तेवढी ओळखू येते गं. वेलच गेली तर हिला कुठं नेऊ?"

हातातल्या गठ्ठ्याचं काय करावं, मला कळेना.

काकूंनी बराच वेळ शोधून एक बिनडागाचं पान खुडलं आणि काकांपुढं धरलं.

"घ्या पाहुणे," त्या म्हणाल्या.

काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.