सात मिनिटांचा दाखला

"साहेब, तुमच्या कार्यालयाने माझ्या मुलीचं एक वाक्य गिळलंय."

लांज्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या राही मॅडमनी दाखला टेबलावर ठेवला. मुलगी मनस्वी सकाळी दहापासून खाली रिक्षात बसलेली. स्नायूंच्या आजाराने तिला जिना चढवत नाही, आणि दिव्यांगांचं हे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. सोमवारी बारावीची परीक्षा. 'तळमजल्यावर बसवावे' हे डॉक्टरांचं वाक्यच दाखल्यात नव्हतं.

साहेबांनी शांतपणे कार्यपद्धती सांगितली. अहवाल चार पानी, दाखला एक पानी. म्हणून डॉक्टर ठेवायच्या मजकुराला फुल्या मारतात. टंकलेखक विनीत फुल्यांसकट टाइप करतो. टाइप होईल तशी एकेक ओळ प्रिंटरमधून बाहेर येत असतानाच शिपाई काशीराम फुलीवाला मजकूर ठेवतो, बाकीचा कात्रीने उडवतो, डिंकाने सांधतो. सगळं सात मिनिटांत. गतिमान सेवेची ढाल भिंतीवर होतीच.

डॉक्टरांच्या पेनातली शाई संपत आली होती; त्या वाक्याला फुलीऐवजी टिंब आलं, विनीतने टिंबच टाइप केलं.

"ते टिंब वायच जरा बघतोय तवर पुढची ठळक फुली आली," काशीराम म्हणाला. "मी ती धरली."

मॅडम हसल्या, पण रागाने. पेशीत हेच चालतं, त्यांनी सांगितलं. जनुकाची नक्कल उतरत असतानाच कापणारे-जोडणारे कामाला लागतात. नक्कल सावकाश उतरली तर पुष्कळदा पुसट खुणेचा तुकडाही त्यांच्या हाती लागतो. भरधाव उतरली की पुढची ठळक खूण येते आणि मधला तुकडा गळतो. मनस्वीच्या स्नायूंतही एक तुकडा असाच गळालेला. "पेशीला जाब विचारता येत नाही. तुम्हाला येतो. सावकाश टाइप करा."

विनीतने एका बोटाने टाइप केलं. काशीरामला टिंब दिसलं, वाक्य वाचलं. पण अकरा मिनिटं झाली, आणि संगणकाने 'विलंबित सेवा' म्हणून दाखला रद्द केला.

साहेब हळहळले. वाक्य असलेला दाखला अवैध, वैध दाखल्यात वाक्य नाही. "वैध दाखल्याप्रमाणे मुलीला जिन्याची काही अडचण नाही, मॅडम. बोलवा तिला वर, सही घेऊन टाकू."

रांगेत चुळबूळ झाली. पालीचे सहदेव गुरुजी हातातला दाखला नाचवत म्हणाले, "ओ बाई, आटपा. माझा बघा, सात मिनिटांत झाला."

"वाचलात, गुरुजी?"

"शिक्का बघितला की."

रांग पुढे सरकली. तुम्हीही घाईत आहात, दिसतंच आहे. जाताना एवढं मात्र सांगून जा: मनस्वी आत्ता कुठे बसली आहे?