शमुवेलकाकांचा गुन्हा

सिंगापूरात, बिशानला आमच्या शेजारी राहणारे शमुवेलकाका स्वतःची तक्रार स्वतःच करतात. एकदा पावसाच्या गडबडीत त्यांनी सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडला, तर ओल्या कपड्यांनी थेट पोलीस चौकीत! वर साक्षीदार म्हणून मला ओढून नेलं. "लिहून घ्या, दंड करा," एकच धोशा. काउंटरवरची पोरगी हसू दाबत म्हणाली, "अंकल, गो होम लाह." काका आठवडाभर घुश्शात होते.

काका मूळचे नगरचे, पक्के प्रोटेस्टंट. "देव आणि मी, सरकार आणि मी. मध्ये कुणी नको!" हे त्यांचं पालुपद. नियम स्वतः वाचायचा, स्वतः पाळायचा आणि मोडला तर स्वतःच जाऊन सांगायचा.

आणि बायको कोण? तर वसईची कॅथलिक! इमारतीची लिफ्ट बंद पडली की काका सरकारी खात्याला खरमरीत पत्र लिहायला बसत आणि फिलूकाकू केक भाजून, ब्लॉकखाली लोकांना भेटायला येणाऱ्या खासदारांकडे जात. "अहो, देवाकडे शब्द टाकायला संत अंतोनी लागतो, मग लिफ्टला नको कुणी?" भेटवस्तू घ्यायची नाही या नियमाने खासदार केक काही घेत नसत. काका त्यावर खूश आणि केक खायला मिळाला म्हणून आम्ही खूश.

काकूंचा खरा गुन्हा वेगळाच होता. इथे पाखरांना खायला घालायला बंदी आहे. काकू रोज सकाळी खालच्या बाकावर बसून साळुंक्यांना पाव घालत.

"फिलू, कायदा आहे!"

"असू दे. फादरला सांगेन, माफी मागेन. माणूस चुकतो हे सरकारला काय ठाऊक नाही?"

काका तणतणत, पण चौकीत त्यांनी काकूंचं नाव कधी सांगितलं नाही. मी एकदा मुद्दाम छेडलं, तर म्हणाले, "ते तिचं आणि सरकारचं. मध्ये मी कोण?"

गेल्या वर्षी काकूंना विसरण्याचा आजार जडला. आता त्या सेरंगूनच्या शुश्रूषागृहात असतात. मला ओळखत नाहीत, वसईचं घर आठवत नाही. काका भेटायला गेले की विचारायच्या फक्त एवढंच, "पाखरांना घातलं का?"

काका खरं सांगायचे, "नाही." की काकू ताट बाजूला सारायच्या. नर्सने समजावलं, मी समजावलं, "काका, नुसतं हो म्हणा ना! काय बिघडतं?"

"खोटं बोलू? फिलूशी?"

काकू दिवसेंदिवस वाळत चालल्या आणि हे आपले खरं बोलतायत! मला इतका संताप आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका सकाळी ते मला खालच्या बाकावर दिसले. घामाघूम, इकडेतिकडे बघत, हातात पाव. पायाशी साळुंक्यांचा नुसता गलका.

"आता खरं सांगता येईल," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर सेरंगूनला गेले. "घातलं," काका म्हणाले आणि काकू जेवल्या, अगदी शेवटच्या घासापर्यंत. मग तोंड पुसून त्यांनी फर्मावलं, "आता फादरला सांगून या."

मला वाटलं, हे चौकीतच जाणार. "छे गं," काका म्हणाले, "तिथे सांगितलं तर बंद करायला लावतील." आणि उभ्या जन्मात कुणाला मध्ये न घेतलेला हा माणूस काकूंच्या चर्चमध्ये कबुली द्यायला गेला. मी बाहेर थांबले. काका परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"काय म्हणाले फादर?"

"म्हणाले, पुन्हा करणार नाही असं मनापासून म्हणा."

"मग?"

"मी म्हटलं, फादर, खोटं कसं बोलू? उद्या सकाळी पुन्हा करणार आहे." काकांनी चष्मा काढून पुसला. "ती जेवते गं."