सान क्रिस्तोफोरोचे बावन्न सेकंद

"अठरा अश्वशक्ती? संताला काय शिवणयंत्रावर बसवून मिरवायचं?"

लेआर्को कावाझ्झुती हे गॅरेजमध्ये स्वतःशीच म्हणाला, पण एवढ्या जोरात की वर स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचं, नेरिनाचं, लाटणं थांबलं.

"लेआर्को! तुला गाडी धुवायला सांगितलीय. धुवायला!"

"धुतोयच की!"

खोटं! साफ खोटं! गाडीचं इंजिन तेव्हा टेबलावर उघडं पडलं होतं, आणि आपला हा पठ्ठ्या आनंदाने शीळ घालत त्यात कोपरापर्यंत शिरला होता.

खरं तर काम केवढंसं! बारा वर्षांपूर्वी नेरिनाचा भाऊ इवानो ट्रकसकट पो नदीत गेला. ट्रक गेला, इवानो वाचला, एक पाय तेवढा अधू झाला. त्या दिवशी नेरिनाने ड्रायव्हर लोकांच्या संताला, सान क्रिस्तोफोरोला, नवस बोलला होता: "तुझ्या सणाला माझ्या गाडीतून, तुझे पाय माझ्या हातांनी धरून, तुला देवळापर्यंत नेईन." पण त्यांच्या पोंतेव्हेक्को गावात संताला न्यायचा मान आळीपाळीने मिळतो, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी ड्रायव्हर! नेरिनाची पाळी यायला बारा वर्षं जावी लागली. आता ती आली होती. तिच्या चिमुकल्या गाडीचं कापडी छप्पर गुंडाळायचं, लाकडी संताला मागच्या सीटवर उभं करायचं आणि बँडच्या मागून माणसाच्या चालीने पुलापासून देवळापर्यंत जायचं. बस!

पण काम दिलं कुणाला? लेआर्कोला! ज्याने चाळीस वर्षं मोदेनाजवळच्या कारखान्यात शर्यतीच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारे दांडे, घासले, त्याला! निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि हात नुसते शिवशिवत होते.

"इंजिन म्हणजे काय रे? पंप!" तो एर्मेसला सांगत होता. एर्मेस जिबेल्लीनी हा त्याच कारखान्यातला जुना सोबती. इंजिनांच्या चाचण्या घेता घेता म्हातारा झालेला, आणि अजूनही खिशात स्टॉपवॉच घेऊन पाव आणायला जाणारा. "जितकी हवा जास्त आत, तितकं पेट्रोल जास्त जळणार, तितका जोर जास्त! म्हणून कार्बोरेटर दुप्पट मोठा. हेड दोन मिलिमीटर घासलं, म्हणजे मिश्रण आणखी दाबलं जाईल आणि धडाका वाढेल. फ्लायव्हील तासून हलकं केलं. आणि हा बघ, माझा कॅमशाफ्ट! व्हॉल्व जास्त वेळ उघडे राहणार. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर नुसती गाते गाडी!"

एर्मेसने कॅमशाफ्टवरून बोट फिरवलं. डोळे पाणावले बिचाऱ्याचे.

"आणि हळू चालवली तर?"

"हळू?" लेआर्को खो खो हसला. "हळू कोण चालवतं?"

दोघेही शहाणे हसले! चाळीस वर्षं इंजिनात घालवलेली दोन माणसं, पण मिरवणूक चालत जाते हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

सणाच्या सकाळी त्याने गाडी कालव्याच्या रस्त्यावर चार वेळा पळवून पाहिली. काय पळाली महाराजा! अठराची अडतीस अश्वशक्ती झाली होती. घरी आला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि तोंडभर हसू होतं.

"हा कसला आवाज?" नेरिनाने विचारलं. तिने ठेवणीतला निळा झगा घातला होता.

"सायलेन्सर धुतला."

"पेट्रोल आहे ना?"

"परवाच पाच लिटर टाकलंस ना तू? पाच लिटरात तू बोलोन्याला जाऊन येतेस!"

तेही खरंच. लिटरला वीस किलोमीटर देणारी गुणी गाडी होती ती! होती.

दहा वाजता पुलावर सारं गाव जमलं. पुढे बँड, त्यामागे फादर एजिदिओ, त्यामागे गाडी. छपरातून कमरेपर्यंत बाहेर आलेला सान क्रिस्तोफोरो, त्याच्या खांद्यावर बाळ येशू, गळ्यात फुलांच्या माळा. नेरिना पुढच्या सीटवर गुडघे टेकून मागे वळलेली, दोन्ही हात संताच्या पायांवर. इवानो काठी टेकत गाडीच्या बाजूला उभा. बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. बारा वर्षं!

बँड सुरू झाला. लेआर्कोने क्लच सोडला.

खक्! खक्, खक्, फुस्स. गाडी बंद.

"लेआर्को!"

"गार आहे अजून!" पुन्हा चावी. पुन्हा खक्, फुस्स. बँड वीस पावलं पुढे गेला. तेव्हा कुठे लेआर्कोच्या डोक्यात प्रकाश पडला. ते लाडके व्हॉल्व इतका वेळ उघडे राहतात की मंद फेऱ्यांवर अर्धं पेट्रोल न जळताच बाहेर जातं! तीन हजारांच्या खाली हे इंजिन फक्त खोकणार!

"नेरिना, घट्ट धर," तो हळूच म्हणाला.

"काय धरू?"

"संताला!"

त्याने पाय दाबला. इंजिन किंचाळलं, गाडीने उडी मारली. क्लच अर्धवट दाबून तो तिला चालीवर आणू पाहत होता, पण क्लचमधून असा धूर निघाला की ट्रॉम्बोनवाल्याला ठसका लागला. आता दोनच वाटा होत्या, पळायचं नाहीतर बंद पडायचं. बारा वर्षांनी आलेल्या बायकोच्या नवसात बंद पडायचं? छे!

"बाजूला व्हा!" लेआर्को ओरडला.

फादर एजिदिओ झग्यासकट गटारापलीकडे उडाले. बँड दुभंगला. मधून सान क्रिस्तोफोरो सुसाट निघाला, माळा मागे उडताहेत, फुलं बासरीवाल्यांच्या अंगावर पडताहेत!

"अरे मेल्या, थांब!" नेरिना संताच्या गुडघ्यांना मिठी मारून ओरडत होती.

"थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही!"

"देऊळ गेलं मागे!"

"गावाला वळसा घालून मिरवणुकीच्या मागे येतो!"

आला! पण मिरवणूक चालतच होती आणि हा पळतच होता. पुन्हा फादर गटारापलीकडे, पुन्हा बँड दुभंगला. पण आता गंमत पाहा. हे पोंतेव्हेक्को! इथल्या पोरांना अंगाईऐवजी इंजिनाचा आवाज ऐकवून निजवतात. दुसऱ्या फेरीला बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि टाळ्या सुरू केल्या. म्हाताऱ्या बायका माना डोलावू लागल्या. "कार्बोरेटर बदललाय!" एक. "छे, कॅमशाफ्ट! ऐक नीट!" दुसरी. आणि एर्मेस पुलाच्या कठड्यावर चढून, हातात स्टॉपवॉच घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडला, "फेरीला चोपन्न सेकंद! वळणावर आतून घे!"

लेआर्कोच्या अंगातच आलं! वळण आतून घेतलं. संत डावीकडे कलला, नेरिना उजवीकडे लोंबकळली. "बावन्न!" गाव एका तोंडाने गरजलं.

आणि समोर डॅशबोर्डवर रिझर्व्हचा, म्हणजे पेट्रोल संपत आल्याचा, लाल दिवा लागला.

लागला आणि पाहता पाहता गाडी गप्प झाली. खोकलीसुद्धा नाही. देवळाच्या दारापासून दोनशे पावलांवर, चढाच्या पायथ्याशी, अडतीस अश्वशक्ती जागच्या जागी थिजली.

नेरिनाचे केस विस्कटलेले, हात अजून संताच्या पायांवर. ती ओरडली असती तर लेआर्कोला बरं वाटलं असतं. पण ती नुसती रडायला लागली.

"बारा वर्षं थांबले रे," ती म्हणाली. "एवढं एक मागितलं होतं."

लेआर्कोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गाडीतून उतरला, मागे गेला आणि मागच्याच बाजूला असलेल्या इंजिनाच्या गरम झाकणावर हात टेकून ढकलू लागला. गाडी तसूभर हलली. तेवढ्यात शेजारी कुणीतरी काठी खाली टाकली आणि खांदा लावला. इवानो!

"अरे, तुझा पाय!"

"बारा वर्षांपूर्वी त्याने मला नदीतून उचललं," इवानो संताकडे पाहत म्हणाला. "आज माझी पाळी. ढकल, भाऊजी!"

मग एर्मेस आला, त्याने दारातून स्टिअरिंग धरलं. फादर एजिदिओ आले, झगा वर खोचून. बँडने वाद्यं उचलली. आणि सान क्रिस्तोफोरो अखेर निघाला, संथ, डुलत, अगदी माणसाच्या चालीने. नेरिना संताचे पाय धरून रडत होती, हसतही होती. देवळाच्या दारात ती मागून ढकलणाऱ्या नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "हा वेग! एवढा वेग हवा होता, लेआर्को! कठीण होतं का?"

दुपारी जेवायला इवानो होताच. त्याच्यापुढे काठोकाठ भरलेली तोर्तेल्लीनीची, म्हणजे सारण भरलेल्या इवल्या पुरचुंड्यांची, वाटी आली, वाफाळता रस्सा, वर चीज.

"लेआर्को," वाढता वाढता नेरिनाने गोड आवाजात विचारलं, "ही गाडी आधी ॲव्हरेज किती द्यायची?"

"वीस."

"आणि आता?"

लेआर्कोने रुमाल चाचपला, इवानोकडे पाहिलं. इवानो आढ्याकडे पाहत होता.

"सात," तो पुटपुटला. "म्हणजे, उतारावर."

नेरिनाने त्याची वाटी ठेवली. भरपूर रस्सा, आणि त्यात तोर्तेल्लीनी तरंगताहेत. लेआर्कोने मोजल्या. सात.

"अगं, पण मी चढावर गाडी ढकललीय!"

"जुना कॅमशाफ्ट बसव. वीस झाले की वीस वाढीन."

त्याने निमूटपणे सातही खाल्ल्या, सातवी तर दोन घासांत. टेबलाखाली एर्मेसने दिलेली चिठ्ठी हळूच उघडून 'बावन्न' हा आकडा पुन्हा एकदा पाहून घेतला. जरा धीर आला. मग रिकामी वाटी पुढे सरकवत त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं,

"नेरिना, रिझर्व्हमध्ये काही आहे का गं?"